खुंटीवरचा हात

शेगाव तालुक्यातील एका शेतमजुराच्या घरी गेल्या मोसमात जाण्याचा योग आला. काही वर्षांपूर्वी सोयाबीनच्या मळणीत त्याचा उजवा हात कोपराखाली गेला. पुढे एका शिबिरात त्याला कृत्रिम हात मिळाला. साधा लाकडी नव्हे. विजेच्या घटावर चालणारा, उरलेल्या स्नायूंच्या इशाऱ्यावर मिटणारा आणि उघडणारा. तो हात आम्ही पाहिला. दारामागच्या खुंटीला, पिशवीशेजारी, तो टांगलेला होता. लग्नकार्याला जाताना तेवढा तो चढवला जातो. रोज का वापरत नाही, असे विचारता तो गृहस्थ ओशाळून म्हणाला, "हात चांगला हाये सर, पन माह्यं आयकत नाई."

हात ऐकत नाही! कृत्रिम हाताच्या शास्त्रापुढे आज जो सर्वांत अवघड प्रश्न उभा आहे तो या माणसाने चार शब्दांत मांडला. हाताचा आकार देता येतो, बोटे देता येतात, बोटांत बळही भरता येते. त्यावर माणसाची हुकमत कशी बसवावी, हा खरा प्रश्न आहे. हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा आणि अभियंत्यांचा नाही. तो राजकारणाचाही आहे, असे आमचे मत आहे आणि म्हणूनच या पानावर त्याची चर्चा करीत आहोत.

प्रथम त्या हाताची रीत समजून घेतली पाहिजे. बोटे हलवणारे पुष्कळसे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात. त्यामुळे पंजा गेला तरी 'मूठ मीट' ही मेंदूची आज्ञा उरलेल्या हातापर्यंत येतच राहते आणि तेथला स्नायू आकुंचन पावतो. आकुंचनाबरोबर अत्यंत सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. त्वचेला टेकवलेल्या धातूच्या टिकल्या तो टिपतात आणि त्यावरून हातातली मोटार फिरते. आतील बाजूचा स्नायू आवळला तर मूठ मिटते, बाहेरचा आवळला तर उघडते. ज्याला आता बायोनिक हात म्हणतात त्याचे मूळ तत्त्व एवढेच आहे, आणि ते नवे नाही. १९४० च्या दशकात जर्मनीत राइनहोल्ड राइटर यांनी असा हात चालवून पाहिला होता. १९६० च्या सुमारास सोव्हिएत संघात कोब्रिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रान्झिस्टर वापरून तो अंगावर वागवता येईल इतका लहान केला.

मग साठाहून अधिक वर्षांनंतरही हात ऐकत का नाही? कारण दोन टिकल्यांतून दोनच हुकूम जातात, आणि माणसाच्या हाताला दिवसभरात शेकडो हुकूम लागतात. सुई धरणे वेगळे, पोते धरणे वेगळे, तांब्या धरणे वेगळे. पाच बोटे स्वतंत्रपणे वळवणारा हात २००७ साली स्कॉटलंडमधील एका कंपनीने बाजारात आणला. पण बोटे वाढली म्हणून हुकूम वाढले नाहीत. एका पकडीतून दुसऱ्या पकडीत जाण्यासाठी दोन्ही स्नायू एकदम आवळावे लागतात, मग पुन्हा नेहमीची आज्ञा द्यावी लागते. घाईच्या कामात असा खटाटोप कोण करील? त्यापेक्षा तो डाव्या हाताने काम उरकतो, दातांनी गाठ सोडतो, नाहीतर बायकोला हाक मारतो.

यावर गेल्या पंचवीस वर्षांत झालेले संशोधन फार मोलाचे आहे. दोन टिकल्यांऐवजी अनेक टिकल्या बसवून सर्व स्नायूंच्या संकेतांचा एकत्रित आकृतिबंध संगणकाकडून ओळखून घ्यायचा, ही त्यातली एक दिशा. माणसाने गेलेल्या हाताने चिमूट धरल्याची कल्पना करायची आणि यंत्राने ती ओळखायला शिकायचे. शिकागोचे डॉ. टॉड क्युकेन यांनी आणखी एक मार्ग काढला. ज्याचा हात खांद्यापासूनच गेला त्याच्याजवळ आज्ञा पाळणारा स्नायूच उरत नाही. म्हणून हाताकडे जाणाऱ्या मज्जा त्यांनी शस्त्रक्रियेने छातीच्या स्नायूंना जोडल्या. आता 'हात मीट' म्हटले की छातीचा स्नायू हलतो आणि त्याचा संकेत यांत्रिक हाताला मिळतो. स्वीडनमध्ये कृत्रिम हात थेट हाडात रोवलेल्या धातूच्या खुंटाला जोडण्याचे आणि विद्युतद्वारे त्वचेवर न ठेवता आत बसवण्याचे प्रयोग झाले आहेत. बोटांवर पडणारा दाब परत माणसाला जाणवून देण्याचे प्रयत्नही चालू आहेत. त्यांचे महत्त्व सामान्य वाचकाला चटकन ध्यानात येणार नाही. आपण पेला धरतो तेव्हा तो निसटतो आहे की चेपतो आहे हे हातच सांगतो. यांत्रिक हात वापरणाऱ्याला ते डोळ्यांनी पाहावे लागते. ज्याला प्रत्येक पकडीकडे टक लावून बसावे लागते, त्याचा हात सुटला तरी त्याचे लक्ष अडकलेलेच राहते.

परंतु प्रयोगशाळेत जे जमते ते घरी जमत नाही, याचा अनुभव सर्वत्र येतो आहे. टेबलापाशी बसून शिकवलेला हात, तोच माणूस माळ्यावरचा डबा काढण्यासाठी हात वर करतो तेव्हा गोंधळतो. कारण हाताची ठेवण बदलली की स्नायूंचे संकेतही बदलतात. घामाने टिकली सरकते. दिवसभराच्या श्रमाने स्नायू थकतो आणि संध्याकाळचा संकेत सकाळच्या संकेतासारखा राहत नाही. हाताची खोबण, म्हणजे ज्या कवचात उरलेला हात बसतो ती, जरा सैल झाली तर सारे शिक्षण वाया जाते. कॅनडातील बिडिस आणि चाऊ या संशोधकांनी मागील पंचवीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा २००७ साली प्रसिद्ध केला. त्यात विजेचा हात मिळालेल्या प्रौढांपैकी सरासरी २३ टक्के लोकांनी, आणि खांद्याच्या पट्ट्याने व तारेने ओढण्याचा हात मिळालेल्यांपैकी २६ टक्के लोकांनी तो टाकून दिल्याचे आढळले. लहान मुलांत हे प्रमाण अनुक्रमे ३५ आणि ४५ टक्के होते. ही आकडेवारी प्रामुख्याने संपन्न देशांची आहे. तेथे उपचारतज्ज्ञ जवळ असतो, दुरुस्ती जवळ असते आणि खोलीत पंखाही असतो. घाटाखालच्या वैशाखात, घामेजल्या अंगाने, धुळीत, भारनियमनात जो माणूस हात वापरू पाहतो त्याने तो खुंटीला टांगला, तर दोष त्याला द्यायचा काय?

येथे एक तुलना करण्याजोगी आहे. जयपूर फूट ही भारतीय बुद्धीची एक अभिमानास्पद निर्मिती. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून हा पाय घडवला. उकिडवे बसणारा, अनवाणी चालणारा, चिखलात उतरणारा माणूस त्यांनी डोळ्यांपुढे ठेवला. पुढे शिबिरांतून असे पाय लाखो लोकांना मिळाले. या यशामुळे आपल्याकडे एक समज रूढ झाला, की कृत्रिम अवयव म्हणजे शिबिर, शिबिर म्हणजे वाटप आणि वाटप म्हणजे कार्यसिद्धी. पायाच्या बाबतीत हा हिशेब बऱ्याच अंशी चालतो. पायाला भार सोसायचा असतो. प्रत्येक पावलाला त्याला नवा हुकूम द्यावा लागत नाही. हाताचे तसे नाही. हात हा हुकमाचा ताबेदार आहे. तो शिकवावा लागतो, आणि त्याबरोबर माणसालाही शिकावे लागते. एका दुपारी खोबणीचे माप घेऊन, हार घालून आणि छायाचित्र काढून हात देता येईल, पण हुकमत देता येणार नाही. तिला महिने लागतात. व्यवसायोपचार तज्ज्ञापुढे पुन्हा पुन्हा बसावे लागते, खोबण दोनदा-तीनदा बदलावी लागते, आणि यंत्र बिघडले तर आठवड्याच्या आत ते दुरुस्त व्हावे लागते. कारण आठवडाभर हात बंद राहिला की माणूस एका हाताने जगायला शिकतो आणि मग दुसरा खुंटीवर जातो.

म्हणूनच आमचे म्हणणे असे, की किती हात वाटले ही मोजणी सोडून द्यावी. वर्षभराने किती हात कामावर आहेत, हे मोजावे. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाने तयार केलेली एक चाचणी जगभर वापरली जाते. तीत गुंड्या सोडणे, किल्ली फिरवणे, नाणी उचलणे, बरणीचे झाकण उघडणे अशी नित्याची कामे वेळ लावून करून घेतात. चाचणी चांगली आहे. पण ती त्यांच्या जीवनाची आहे. आपल्या माणसाची चाचणी आपण का करू नये? पोत्याचे तोंड धरून सुतळी आवळणे, विळा फिरवताना ताटांची मूठ धरणे, बादलीची कडी उचलणे, गाईचे दावे सोडणे, सायकलचा ब्रेक दाबणे, पऱ्हाटीची फांदी वाकवून धरणे, ही पुरुषांची आणि स्त्रियांची कामे. भाकरी थापणे, परात धरणे, साडीच्या निऱ्या घालणे, मुलाला कडेवर घेणे, ही बाईची; कारण कडबा कापण्याच्या यंत्रात हात बाईचाही जातो. या यादीत शोभेचे एकही काम नाही. या कामांना जो हात उपयोगी पडेल तोच सुधारलेला हात, आणि ही कामे कोणती हे ठरवण्याचा पहिला अधिकार तो वापरणाऱ्याचा.

असा अधिकार दिला की काही वेळा उत्तर अनपेक्षित येईल, हेही सांगितले पाहिजे. शेतात काम करणारा माणूस विजेच्या पाच बोटांपेक्षा तारेने ओढायचा लोखंडी आकडा मागेल. आकडा धुळीला भीत नाही, पाण्याला भीत नाही, त्याला वीज लागत नाही, आणि तारेच्या ताणावरून पकडीचा अंदाज खांद्याला येतो. त्याला आकडा द्यावा, आणि तो उत्तम द्यावा. विद्यार्थिनीला, शिंपीकाम करणाऱ्याला, कारकुनाला बोटांचा हात हवा असेल. तिला-त्याला तो द्यावा. गरिबाला आकडा आणि श्रीमंताला बोटे, अशी वाटणी मात्र आम्हाला मान्य नाही. निवड कामावरून व्हावी, ऐपतीवरून होऊ नये.

आणि आज ती ऐपतीवरूनच होते. परदेशी बहुबोटी हातांची किंमत अनेक लाखांत जाते. पुण्यात प्रशांत गाडे यांच्या इनाली फाऊंडेशनने, तसेच देशातील इतर काही तरुण अभियंत्यांनी, स्वस्त हात बनवण्याचे स्तुत्य प्रयत्न केले आहेत. पण त्यांनाही देणगीदारांच्या दारात उभे राहावे लागते. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०२२ साली बहुपकडीचे हात सार्वजनिक खर्चाने देण्याचे धोरण स्वीकारले. भांडवलशाही देशाला जे शक्य झाले ते समाजवादाची शपथ संविधानाच्या सरनाम्यात घेणाऱ्या देशाने अशक्य का मानावे?

इतिहास पाहिला तर कृत्रिम हाताचे शास्त्र युद्धांच्या मागोमाग वाढले आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धात, जखमी सैनिकांसाठी निघाले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने या शतकात यांत्रिक बाहूवर मोठा खर्च केला तो इराक व अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांसाठी. सैनिकाचा हात देशासाठी गेला, म्हणून देश त्याचे ऋण मानतो. ते योग्यच आहे. पण मळणीयंत्रात गेलेला हात कोणासाठी गेला? देशाच्या धान्यासाठी आणि तेलबियांसाठीच ना? मग त्याचे ऋण कोणी मानायचे?

मळणीच्या अपघाताला दैव म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे. त्यामागे एक अर्थशास्त्र आहे. मळणीचा दर पोत्यामागे ठरतो. जितकी पोती अधिक तितका मालकाचा नफा अधिक आणि टोळीची मजुरी अधिक. पाऊस डोक्यावर असतो, एकाच यंत्राची दहा शेतकरी वाट पाहत असतात, रात्री ट्रॅक्टरच्या दिव्याच्या उजेडात काम चालते. यंत्राचे तोंड आखूड असेल, त्यावर झाकण नसेल, तर पेंढीबरोबर हात आत जातो. हे रोखण्यासाठी संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. तो मुख्यतः मळणीयंत्रांसाठीच होता. यंत्राची सुरक्षित रचना आणि अपघाताची भरपाई या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. चार दशके उलटली. आमच्या किती कार्यकर्त्यांनी हा कायदा वाचला आहे? हा प्रश्न आम्ही सरकारला विचारण्याआधी स्वतःला विचारीत आहोत.

भरपाईची कथाही ऐकण्यासारखी आहे. कामगारांच्या नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा अवयवांचा भाव टक्केवारीत सांगतो: अंगठा गेला तर ३० टक्के, हात कोपराखाली गेला तर ६०, खांद्यापासून गेला तर ९०. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो कायदा आपल्यात सामावून घेतला. पण ज्याचे भांडवल दोन हात एवढेच आहे त्याचा एक हात गेल्यावर ४० टक्के मजुरी शिल्लक राहते, हे गणित कोणत्या शेतात खरे ठरते? डाव्या हाताला मुकलेल्या एका सुताराच्या प्रकरणात, एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून ती कमाईची संपूर्ण हानी होय, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच मान्य केली. शेतमजुराला हा न्याय मागायला शिकवणारे कोणी भेटत नाही.

महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकऱ्यांसाठी अपघात साहाय्य योजना आहे. एक हात गमावल्यास १ लाख रुपये आणि दोन्ही गमावल्यास २ लाख. मात्र ती खातेदार शेतकऱ्यासाठी व त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे. ज्याच्या नावे सातबारा नाही तो भूमिहीन मजूर तिच्या बाहेर राहतो. आणि यंत्राच्या तोंडाशी उभा असतो तो बहुधा हाच. जमीन नाही म्हणून मजुरी, मजुरी म्हणून यंत्र, यंत्रात हात गेला तर जमीन नाही म्हणून मदत नाही! वर्गीय समाजाचे याहून उघडे दर्शन कोठे घडणार?

कोणी म्हणेल, ग्रामीण रुग्णालयांत डॉक्टर नाहीत, शाळांना छपरे नाहीत, तेथे बायोनिक हाताची चैन कशाला? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. साधने मर्यादित असतात, हे अर्थशास्त्राचे पहिले वाक्य आम्ही आयुष्यभर शिकवले आहे. पण त्याचे दुसरे वाक्य असे, की खर्चाची बरोबरी न केलेल्या खर्चाशी करावी. एक कमावता माणूस तीस वर्षे अर्ध्या कामाचा झाला, त्याची मुलगी शाळा सोडून मजुरीला गेली, घर सावकाराच्या वहीत गेले, या सगळ्याची किंमत कोणाच्या अंदाजपत्रकात येत नाही, म्हणून ती शून्य ठरत नाही. आणि खुंटीवर टांगलेला हात ही तर शुद्ध उधळपट्टी. वाटपावर पैसा गेला आणि काम झाले नाही. शिकवणीवर आणि दुरुस्तीवर थोडा खर्च वाढवला असता तर मूळ खर्च सार्थकी लागला असता.

मग करायचे काय? शेगावपुरता विचार मांडतो. तो इतर तालुक्यांनाही लागू पडावा. येथे १९८३ पासून श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे विद्युत आणि यंत्र यांचे ज्ञान आहे. गावात सरकारी रुग्णालय आहे. संस्थानाने उभी केलेली सेवेकऱ्यांची शिस्त अवघ्या महाराष्ट्राला परिचित आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग गावातून जातो, आणि तरीही तार तुटलेला हात दुरुस्त करायला हाजी अलीच्या राष्ट्रीय संस्थेपर्यंत साडेपाचशे किलोमीटर जावे लागत असेल, तर तीन दिवसांची मजुरी बुडवून कोण जाईल? या सर्वांना एकत्र आणून तालुक्याला एक अवयव कार्यशाळा उभी राहिली पाहिजे: खोबण बदलणारा एक कारागीर, शिकवणारा एक उपचारतज्ज्ञ, आणि बिघाड शोधणारे विद्यार्थी. विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी नकली प्रकल्प करण्यापेक्षा, संध्याकाळी घामाने चुकणारा संकेत कसा सावरावा, हा खरा प्रश्न सोडवायला मिळेल. त्यांनी काढलेल्या रचना कोणा कंपनीच्या मालकीच्या न होता सर्वांना खुल्या राहाव्यात.

पैसा कोठून यावा? महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून दाखवला, की मालकांवर अधिभार बसवून असंघटित श्रमिकांसाठी मंडळ चालवता येते. त्याच धर्तीवर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मळणीयंत्रावर आणि कडबा-कुट्टी यंत्रावर अल्प अधिभार बसवावा, आणि त्यातून यंत्राने घेतलेल्या हाताची जबाबदारी यंत्राच्या बाजारावर टाकावी. सातबारा असो वा नसो, शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाला अपघात साहाय्य मिळावे. कृत्रिम हाताबरोबर एक वर्षाचे प्रशिक्षण आणि दुरुस्ती हा त्याचा अविभाज्य भाग मानावा. धर्मादाय संस्थांच्या दयेबद्दल आम्हाला आदर आहे. पण दया शिबिराच्या संध्याकाळी संपते, हक्क दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतो.

कार्यकर्त्यांना एक काम आजच सांगून ठेवतो. येत्या मळणीपूर्वी आपापल्या गावातील प्रत्येक यंत्रापाशी जा. त्याचे तोंड किती लांब आहे, त्यावर झाकण आहे की नाही, पट्ट्याला जाळी आहे की नाही, हे पाहा आणि वहीत लिहा. मालकाशी भांडण नको. त्याच्याही मुलाचा हात त्याच यंत्रापाशी असतो, हे त्याला समजावून सांगा. मग गावातील हात गमावलेल्या स्त्री-पुरुषांच्या घरी जा. त्यांना कोणता हात मिळाला, तो कोठे आहे, आणि तो कोणत्या कामाला नाही म्हणतो, हे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. ही वही घेऊन तहसीलदाराकडे, महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे आणि आमदारांकडे जायचे आहे.

त्या मजुराचा हात अजून खुंटीवरच आहे. शिकवणारा आणि दुरुस्त करणारा कोणी त्याच्या तालुक्यात आला, तर तो खाली उतरू शकेल. तेवढी हुकमत त्याला परत मिळवून देणे हे आपल्या चळवळीचे काम आहे.